आपाची वलणी

लाइट गेली की बीड जिल्ह्यातलं आमचं सगळं धारूर वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडायचं. आपा मात्र लाइट आली की शिव्या द्यायच्या. ‘आली का कमबख्त! कावून आली इतक्यात?’ म्हणत हेडफोन टेबलावर आदळायच्या. गावातल्या मोटारी, पंखे, गिरण्या बंद असल्या की त्यांना गुरू नीट ऐकू यायचा. गुरू म्हणजे आकाशातला ग्रह. आपा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात बॅटरीवरच्या रिसीव्हरवर त्या ग्रहाच्या रेडिओलहरी ऐकायच्या.

कॉलेजमागच्या मैदानात लोखंडी पाइप रोवून त्यांनी दोन लांब तारा ताणल्या होत्या. तोच त्यांचा अँटेना. रिसीव्हर त्यांनी आपल्या अब्बांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसून स्वतः जोडलेला. गाव त्या तारांना ‘आपाची वलणी’, म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी, म्हणायचं आणि नुसतं म्हणून थांबायचं नाही. शिपाईमामांच्या बायकोनं एकदा खरोखरच तिथं गोधड्या वाळत घातल्या. आपांनी त्या ओढून काढल्या, मामींना नको नको ते बोलल्या आणि दोन दिवसांनी पहाटे त्यांनाच बोलावून हेडफोन कानाला लावला. ‘ऐका मामी. तव्यावर लाह्या फुटल्यावानी वाटतंय का न्हाई? गुरूचा एक चंद्र हाय, आयओ. त्याच्यावर ज्वालामुखी हायेत. त्यातून निघालेलं समदं गुरूच्या चुंबकात अडकतं, करंट वाहतो, अन् ह्या लहरी निघत्यात. एवढ्या लांबून त्या आपल्या धारूरला येत्यात, अन् तुमी त्यांच्यावर गोधडी घालता!’ मामींना त्यातलं किती कळलं कोण जाणे. गोधड्या पुन्हा आल्या नाहीत.

माझे वडील किराणा दुकानदार. महादेवावर भक्ती आणि पंचांगावर त्याहून जास्त. बारावी झाल्या झाल्या त्यांनी माझं लग्न काढलं, पण पंचांगवाल्यानं गुरुबळ नाही म्हणून खोडा घातला. दुसरं मत घ्यायला वडील थेट आपांकडे गेले. ‘आपा, तुमी रोज गुरू ऐकता. पोरीला गुरुबळ हाय का न्हाई, तेवढं बघा की.’ आपांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ‘अण्णा, त्याला चंद्रच लई हायेत, ते त्याला आवरंनात. तुमच्या पोरीकडं बघायला त्याला टाइम कुठला? ती गणितात पैली आली, ते बघा ना आधी!’ वडील आठवडाभर फुगून बसले आणि मग मुकाट्यानं मला बीएस्सीला घातलं. आज मी पुण्यात गुरूभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावर संशोधन करते, ते त्या एका भांडणामुळे.

‘ही खरखर ऐकून काय मिळतं हो?’ असं स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारायचंच. आपा चिडायच्या, पण उत्तर द्यायच्या. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. त्या फेरीत तो कधी आपल्याकडे किंचित झुकलेला असतो, कधी पलीकडे कललेला, आणि त्याप्रमाणे त्याची रेडिओवादळं आपल्याला कमी-जास्त ऐकू येतात. हा चढउतार एकाच जागेवरून, त्याच तारांनी, एक अख्खी फेरी टिपायचा, एवढीच आपांची हाव होती. त्यासाठी त्या भाचीच्या निकाहातूनही जेवून लगेच परतल्या. ‘एक फेरी होऊ दे. मग ती वलणी मामींनाच देऊन टाकते,’ म्हणायच्या.

फेरी संपायला दोनेक वर्षं उरली असताना संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे भाऊंचा, वाढदिवस आला. आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. भाऊंनी कॉलेजला सोलरवरचा हायमास्ट दिवा भेट द्यायचं ठरवलं. तो उभा करायला आपांनी मैदानाचे तीन कोपरे दाखवले. भाऊंना तारा असलेला चौथाच हवा होता, कारण तो रस्त्यावरून दिसायचा. आपा वर्गात शिकवत असताना कार्यकर्त्यांनी तारा कापल्या आणि उरलेल्या पाइपांना भाऊंचा हात जोडलेला फ्लेक्स बांधला.

पुढचं मला मामींनी फोनवर रडत सांगितलं. आपा हाताला खडू तसाच घेऊन मंडपात शिरल्या. ‘भाऊ, तारा कावून तोडल्या?’

‘दोन तारा तर व्हत्या, आपा. उद्या नव्या बांधून देतो. आजच्या दिवशी कशाला वाद?’

‘तारा येतील हो. गुरू आज जिथं हाय तिथं परत यायला बारा वर्षं लागत्यात. मला कोन देनार तेवढी वर्षं?’

भाऊ हसले, म्हणून मंडप हसला. कुणीतरी आपांच्या खडूच्या हातात पेढा ठेवला. सगळा स्टाफ समोर पेढे खात बसला होता. त्या पेढ्याच्या आठवणीनं माझं डोकं आजही सणकतं.

नव्या तारा शेवटी आपांनीच बांधल्या. पण त्या दिव्याच्या सर्किटमुळे हेडफोनात एकच सपाट घरघर, आणि लाइट गेली तरी सोलरचा दिवा काही विझत नव्हता. पहाटे दोन तास तेवढा बंद ठेवा, म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे खेटे घातले. मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असं उत्तर मिळालं. पहाटे त्या मैदानात एकही मुलगी नसते, मुलींचं होस्टेल गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. रिटायर व्हायच्या आधीच आपा हार्ट अटॅकनं गेल्या. शोकसभेत भाऊंनी ‘आपांनी धारूरचं नाव अंतराळात नेलं’ म्हणून गळा काढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

गेल्या वर्षी आपांच्या नोंदींचा आलेख मी एका परिषदेत मांडला. रेघ चढते, उतरते, पुन्हा चढायला लागते आणि तिथंच तुटते. एका परदेशी शास्त्रज्ञानं त्या टोकाकडे बोट दाखवून विचारलं, इथं यंत्र बिघडलं होतं का? स्थानिक अडचणी, वगैरे सभ्य उत्तर माझ्याजवळ तयार होतं. ते मी दिलं नाही.

‘यंत्र ठणठणीत होतं,’ मी म्हणाले. ‘वाढदिवस होता.’

त्यानं गोंधळून पुन्हा विचारलं, काय होतं? बीडमध्ये हे कुणाला दोनदा सांगावं लागलं नसतं.