टीव्हीवर आलेला बिरू

बाळाबाईला टीव्हीचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ती फणकारायची. "येड कशाचं? गुडघं चालंनात म्हणून बघायचं." पण खरं सांगायचं तर वेड होतंच. दुधनीच्या बाजूला माळावर चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेली बाई जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर करणार तरी काय? थोरला लेक सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, सून पूनम एका लॅबमध्ये कामाला. दोघं नऊला बाहेर पडले की घरात उरायचे बाळाबाई आणि टीव्ही.

आधी केबल होती. केबलवर गावातलंच एक चॅनल लागायचं आणि दुपारी त्यावर बाळाबाईचा आवडता कार्यक्रम यायचा. हसू नका, पण तो कार्यक्रम म्हणजे वारलेल्या माणसांचे फोटो! पडदाभर एकट्या माणसाचा चेहरा, हळूहळू मोठा होत जाणारा, झेंडूची माळ, खाली अक्षरं. बाळाबाईला अक्षरओळख नव्हती, पण हे कळायला शाळा कशाला लागते? फोटो आला की ती हात जोडायची, "सुटला बाबा" म्हणायची आणि तोंड नीट निरखून बघायची. आपल्याकडचं कोण गेलं ते माहीत नको? तीन वर्षांत ओळखीची दोन तोंडं तिला तिथं दिसली होती, आणि दोन्ही बातम्या खऱ्या निघाल्या होत्या.

मग दिवाळी झाल्यावर सिद्धरामनं केबल तोडली आणि बोटाएवढी काळी डबी आणून टीव्हीच्या पाठीत खुपसली. "आई, आता सगळं इंटरनेटवर. पाहिजे ते, पाहिजे तेव्हा." नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसली ती डबी. खोक्यावर मोठं 'स्मार्ट' लिहिलेलं, आणि तासाभरात ती तव्यासारखी तापायची. ओव्या ऐन रंगात आल्या की थांबायच्या आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत बसायचं. रिमोटचं गोल बटण दाबून "बिरोबाची गाणी लाव" म्हटलं की कधी गाणी लागायची, कधी कुठल्या तरी बाईची पुरणपोळी. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर ती आपली आपणच डोंगर दाखवायची, समुद्र दाखवायची. बाळाबाई तेही बघायची. "डोंगार झ्याक हाय, पर चारा कुटं हाय?" एवढीच तिची तक्रार.

त्या घरात एक नाव मात्र निघत नसे. धाकट्या बिरूचं. बाप गेल्यावर त्यानं तीन वर्षं एकट्यानं कळप सांभाळला. मग माळावर प्लॉट पडले, चराई बंद झाली, आणि एक दिवस त्यानं सगळी मेंढरं विकून टेम्पोचं स्टिअरिंग धरलं. सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा आणि हैदराबादला न्यायचा. बाळाबाईला हे कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळप देवाचा, आपण नुसते राखणदार, असं मानणारी बाई ती. बिरू सांगायला आला तो नेमका दिवेलागणीला. त्याला दारातच उभं करून ती म्हणाली, "देवाची मेंढरं इकलीस! आजपासनं तोंड दावू नगंस. माज्यालेखी तू मेलास!"

दिवेलागणीला असलं बोलू नये हो. घर तथास्तु म्हणतं. बाळाबाईनंच हे सुनेला दहादा सांगितलेलं. बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, पण तोवर बिरू जिना उतरला होता. त्याला आता पाच महिने होत आले होते. बिरूचा फोन नाही, बाळाबाईचाही नाही. आईनं आधी नमायचं का लेकानं, यावर दोघंही अडून बसलेले.

ती मंगळवारची दुपार. सकाळी निघताना सिद्धराम आणि पूनम स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत होते, आणि "आईला इतक्यात काही बोलू नको" एवढं बाळाबाईच्या कानावर आलं होतं. काय असेल ते असो म्हणून तिनं सोडून दिलं. बाराच्या सुमाराला तिनं डाळीचं पातेलं गॅसवर ठेवलं, टीव्हीवर गाणी लावली आणि पाय लांब करून पलंगाला टेकली. जरा डोळा लागला असेल नसेल. जाग आली तेव्हा गाणी थांबली होती.

टीव्हीवर बिरू होता.

पडदाभर बिरू. एकटा. पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा, मागं झेंडूच्या माळा, खाली कोपऱ्यात अक्षरं. चेहरा हळूहळू मोठा झाला आणि थांबला.

बाळाबाईचे हात सवयीनं जोडले गेले आणि छातीपाशी आल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय करतोय. तिनं हात झटकन मागं घेतले, भाजल्यासारखे. "न्हाय, न्हाय. हे न्हाय." तिनं रिमोट उचलला, मागं जायचं बटण दाबलं. काही नाही. गोल बटण दाबलं. काही नाही. केबलवर कसं, एक फोटो यायचा, जायचा, दुसरा यायचा. हा जाईचना. मोठा माणूस गेला की फोटो जास्त वेळ ठेवतात, पण बिरू कुठला मोठा माणूस? टेम्पोचा ड्रायव्हर तो!

टेम्पो म्हटल्याबरोबर तिला हैदराबादचा रस्ता आठवला. तो हायवे. उलटलेले ट्रक, चुरा झालेल्या गाड्या, सगळं तिनं बातम्यांत बघितलेलं. तिनं बटणाचा फोन काढला. एक दाबून धरलं की सिद्धराम, तीन दाबून धरलं की बिरू, असं पूनमनं लावून दिलेलं. तिनं एक दाबलं. सिद्धरामनं फोन कापला आणि टिंग करून काहीतरी लिहून पाठवलं. तिला वाचता येत नाही हे लेकाला माहीत नव्हतं होय? का फोनवर बोलायला तोंडच नव्हतं त्याला? मग सकाळचं बोलणं तिला आठवलं. आईला इतक्यात काही बोलू नको. यांना माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं.

तीन दाबायला तिचा अंगठा धजेना. शेवटी डोळे मिटून तिनं दाबलं. फोनमधली बाई काहीतरी पुस्तकी बोलली. बाळाबाईला त्यातला शेवटचा शब्द तेवढा नीट कळला. नाही. तिनं पुन्हा लावला. बाई पुन्हा नाहीच म्हणाली. चार वेळा लावला, चारी वेळा तेच.

टीव्ही बंद करावा असं एकदा तिच्या मनात आलं. पण समई फुंकल्यासारखं वाटलं ते, हात पुढं होईना. ती कशीबशी उठली, देव्हाऱ्यातला बिरोबाचा चांदीचा टाक काढला आणि पाण्याच्या तांब्यात सोडला. "ऐक," ती देवाला म्हणाली, आणि आवाज विनवणीचा लावायला गेली तर भांडणाचाच लागला. "मेंढरं त्यानं इकली, पर तो हिशोब माज्याकडनं घे. पोराला हात लावू नगंस. मी बोलले ते खोटं हुतं. रागात बोलले. तुला कळत न्हाय व्हय रागातलं?"

डाळ करपायला लागली होती. वास तिला येत होता. पण ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. गॅस विझवला तर आपण ते कबूलच केलं की! म्हणून ती तिथंच बसून राहिली आणि गॅस जळत राहिला. धूर स्वयंपाकघरातून बाहेर यायला लागला तरी ती उठली नाही. असला वेडेपणा कुणी करेल का, असं तुम्ही म्हणाल. आईच्या जिवाला लागलेली भीती तुम्ही बघितली नाही, एवढंच म्हणायचं.

दाराची बेल वाजली. बाळाबाई दचकली आणि भिंतीला चिकटली. आले. बातमी घेऊन आले. दार उघडलं नाही तर सांगतील कुणाला?

"आजी! आजी, काहीतरी जळतंय! दार उघडा!" समोरच्या फ्लॅटमधली प्रियंका होती. आवाज ओळखीचा, पण बाळाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि हूं की चूं केलं नाही. प्रियंकानं दार बडवलं, मग पूनमला फोन लावला. पूनम स्कूटी पळवत घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या किल्लीनं तिनं दार उघडलं, आधी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग खोकत बाहेर आली.

"आत्या! अहो, काय झालं? कुठं लागलं का?"

बाळाबाईनं टीव्हीकडं बोट केलं. "कवा गेला?"

"कोण?"

"मला फशिवू नगंस, पूनम. कवा गेला ते सांग. कुटं हाय आता?"

पूनमनं टीव्हीकडं बघितलं. आधी तिला काहीच कळेना, आणि कळलं तशी ती मटकन खाली बसली. "अय्यो, आत्या! तो फोटो मी टाकलाय हो. डोंगर-बिंगर काढून काल रात्री घरातले फोटो टाकले. दुधनीच्या लग्नातला आहे तो. मागं मांडवाच्या माळा आहेत, खाली लिहिलीय ती फोटोची तारीख. भावजींचा चेहरा रोज समोर दिसला तर तुमचा राग निवंल असं वाटलं. हे म्हणाले, आईला इतक्यात काही बोलू नको, दिसू दे आपोआप."

"मग दुसरं का दिसंना?"

"डबी अडकलीय! मेली दर चार दिवसांनी अडकते." पूनमनं टीव्हीच्या पाठीतून डबी उपटली, पुन्हा खुपसली. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. सिद्धराम आला. मग पूनम. मग बागेतल्या बाकावर बसलेली खुद्द बाळाबाई, हळूहळू मोठी होत जाणारी.

बाळाबाईनं ते सगळं बघितलं, पण तिला पटेना. डोळ्यांनी एकदा बघितलेलं असं सहज पुसलं जातं होय? "असंल," ती म्हणाली. "पर फोनमधली बाई न्हाय म्हणती. तू लाव. मला आवाज ऐकव."

पूनमनं आपल्या मोबाइलवरून बिरूला लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. "गाडी चालवत असतील," पूनम म्हणाली, पण तिनंही नंबर पुन्हा एकदा तपासला. सासू-सून दोघी त्या करपट वासात मोबाइलकडं बघत बसल्या. बाळाबाई ओठातल्या ओठात बिरोबाला आळवत होती.

मोबाइल वाजला.

"वैनी, काय झालं? गाडी बाजूला घ्यायला जागा न्हवती. उमरग्याच्या पुढं हाय मी."

बाळाबाईनं मोबाइल सुनेच्या हातातून हिसकावला. बोलायचं किती होतं, पण तोंडातून नुसता हुंदका निघाला.

"वैनी? कोण हाय?" मग हळूच, "अव्वा?" सिद्धराम सोलापुरात आल्यावर आई म्हणायला शिकला होता. बिरू अजून दुधनीकडचं अव्वाच म्हणत होता. "अव्वा, तू हायस? रडतीस का? कुणाला काय झालं?"

"कुणाला काय न्हाय," बाळाबाई म्हणाली. "तू हायस न्हवं? धडधाकट हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय! बरा हाय की."

"मग माजा फोन का लागंना रं? चार बार लावला. ती बाई न्हाय म्हणती, न्हायच म्हणती. जीव गेला माजा."

तिकडून हायवेवरच्या गाड्या जाताना ऐकू येत होत्या.

"कोंच्या नंबरवर लावलास?" त्यानं विचारलं.

"तीनवर. पूनमनं लावून दिलाय त्योच."

"त्यो नंबर बंद झाला, अव्वा," बिरू म्हणाला. "तुज्याकडनं गेलो त्याच्या दुसऱ्या हप्त्यात फोन पाण्यात पडला, शिम पण गेलं. दादाला नवा नंबर दिला. दादा म्हणला, अव्वाला सांगू का? मी म्हणलं, नगं सांगू. ती लावंल, लागला न्हाय की तुला इचारंल, मग दे." त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. "लई दिवस वाट बघितली मी. म्हंजी आज पयल्यांदाच लावलास व्हय?"

पूनम खाली बघायला लागली. बाळाबाईला खोटं बोलता आलं असतं, लेकानं ते मानलंही असतं. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"व्हय," ती म्हणाली. "पयल्यांदाच."