माझ्या थकव्याचा नवस

“दमायला काय, मीपण दमतो” हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरचा नुसता श्वास घेऊन तयार झाला तरी मला कळतं. ऑफिसातले साहेब म्हणतात, दूधवाला म्हणतो, पावसहून लग्नाची पत्रिका द्यायला आलेला मावसभाऊ चहा पिता पिता म्हणतो. म्हणा बापडे. माझ्या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा गाठून विचारायची माझी फार इच्छा आहे. जगातले सगळे शब्द सोडून तुला नेमका थकवाच बरा सापडला रे? एखादं तोंडात न मावणारं नाव दिलं असतंस तर आमच्या वाडीत मला जरा मान तरी मिळाला असता.

सुरुवात साध्या तापाने झाली. ताप गेला, पण जाताना माझं काहीतरी घेऊन गेला. आंघोळ करून आलो की कपडे घालायच्या आधी आडवं व्हावं लागायचं. पेपरातली बातमी शेवटापर्यंत वाचली की तिची सुरुवात आठवायची नाही. रात्रभर झोपून सकाळी उठायचो ते अंग कुटून काढल्यासारखं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, थायरॉईड पाहिलं. सगळं नॉर्मल. ते हसून म्हणाले, “काही झालेलं नाही तुम्हाला. सकाळी चालायला जात जा.” मी शहाण्यासारखा भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला गेलो आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढला.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. हा खरा आजार आहे म्हणाल्या, पण तो दाखवणारी तपासणी अजून निघालेली नाही आणि औषधही नाही, तेव्हा अंगाला झेपेल त्याच्या आतच राहायचं. त्यांच्यासमोर मला रडू आलं. बाईंना वाटलं घाबरलो, पण मला आनंद झाला होता. या आजाराची सगळ्यात वाईट खोड त्यांनीच समजावली. ज्या दिवशी माणूस अंगाला न झेपणारं काही करतो त्या दिवशी त्याला काही होत नाही. होतं ते एखाद-दोन दिवसांनी. म्हणजे हिंडतो-फिरतो तेव्हा सगळा गाव बघतो, आणि कोसळतो तेव्हा बघायला घरच्यांशिवाय कोणी नसतं.

आईने अगदी सुरुवातीला तिच्या हिशेबाने विचार केला होता. थकव्याचा काही आजार नसतो. माणूस आळशी तरी असतो, नाहीतर बाहेरचं तरी काहीतरी असतं. आता तिचा मुलगा आळशी असणं शक्यच नाही, म्हणजे बाहेरचंच. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, राजापूरकडच्या कोणाचा अंगारा आला, उशाखाली काय काय ठेवून झालं. कशाचाच उपयोग होईना आणि मी किनाऱ्यावरून येऊन पडलो तेव्हा ती गप्प झाली. मला ते गप्प बसणं फार लागायचं. बायकोचा विश्वास आहे, कारण रात्रीबेरात्री मला तीच सावरते. पण आईने एकदा माझ्याकडे नीट बघून “तुला खरंच बरं नाही रे” एवढं म्हणावं, याची मी वाट बघत राहिलो. केस पिकायला लागलेल्या माणसाने अशी वाट बघू नये म्हणा. पण बघितली.

मला माझं जुनं अंग फार आठवतं. शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी देवळातून निघून घरोघर येते, आणि प्रत्येक अंगणात ती नाचवतात. दांड्याला पुढून-मागून खांदे लावायचे, ढोल चढला की गुडघ्यात वाकायचं आणि गरकन फिरायचं, आणि एवढं करून आतले मुखवटे जागचे हलता कामा नयेत. मी पुढचा खांदा धरायचो. हा पुढे असला की मागच्याने नुसतं लोंबकळायचं, असं म्हणायचे मला. दुपारच्या उन्हात कातळावरून अनवाणी पालखी न्यायचो आणि पलीकडच्या वाडीत पोचलो की परत नाचायचो. खांद्याची सालपटं निघायची. ती मी आठवडाभर मिरवायचो, सदरा घासून झोंबलं की बरंच वाटायचं. आता पडल्या पडल्या कधीतरी लांबून ढोल ऐकू येतो आणि पायाची बोटं चादरीखाली हलायला लागतात. असा राग येतो त्या बोटांचा.

आमच्यात रीत अशी आहे की पालखी ज्या अंगणात येते, त्या घरच्या पुरुषाने पहिला खांदा द्यायचा. मी आजारी पडल्यापासून आमच्या घरचा खांदा माझा चुलतभाऊ देतो आणि मी पडवीत खुर्चीवर बसून बघतो. यंदाही तसाच बसलो होतो. आईने देवीची ओटी भरली, नारळ ठेवला आणि डोळे मिटून पुटपुटत ती नवस बोलली. मग वाडीतल्या म्हाताऱ्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे, ह्या लेकराच्या अंगातली ताकद गेली हाय. ती तू परत आण, त्याला पहिल्यासारखा हिंडता-फिरता कर.” सगळ्या वाडीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. चुलतभाऊ सवयीने खांद्यावर टॉवेल टाकून पुढे झाला. तेवढ्यात आईने त्याचा दंड धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

बायको उंबऱ्यातून मानेने नको नको म्हणत होती. तिचं बरोबर होतं, आणि मला ते कळत होतं. या पाच मिनिटांपायी किती दिवस जातील याचा अंदाज माझ्याइतका कोणाला असणार? तरी उठलो. आईच्या नजरेमुळे उठलो असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं, पण ते अर्धंच खरं आहे. मला नाचायचं होतं. इतकी वर्षं दुसरं काही हवंच नव्हतं.

पहिल्या फेरीत पाय चाचपडत होते, दुसऱ्या फेरीत त्यांना आठवलं. ढोलवाल्याने मला बघून हात सैल सोडला, मी वाकलो, फिरलो, दांडा मानेत रुतला आणि मला हसू फुटलं. सुख म्हणजे काय असतं ते मला त्या अंगणात कळलं, हे सांगायला मला लाज नाही. आई तुळशीपाशी हात जोडून उभी होती. पालखी माझ्याबरोबर फिरत होती, पण आई बघत होती माझ्याकडे.

“देवी पावली,” काका म्हणाले, आणि वाडीभर तेच झालं. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो जेवणाआधीच सगळ्यांच्या फोनवर पोचला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “मानलं बुवा तुम्हाला. आम्हाला वाटलं रजा घेऊन पडून आहात. मग सोमवारी येताय ना?” दुसऱ्या दिवशी मी अंगणात बसून चहा प्यालो. बरा होतो. इतका बरा, की गाऱ्हाणं खरंच लागलं की काय, असं मलासुद्धा वाटून गेलं. मूर्खच मी.

त्याच्या पुढच्या सकाळी कूस बदलता येईना. उजेड डोळ्यांत घुसत होता, म्हणून बायकोने खिडकीवर गोधडी टांगली. भांड्याचा आवाज झाला तरी डोकं फुटायची वेळ. बाहेर शेजारीण विचारत होती, “आता काय झालं? नाचायला तर चांगला होता.” आजार खरा की खोटा हे विचारणाऱ्यांना मी काय दाखवणार? नाचतानाचा पुरावा सगळ्यांच्या खिशात आहे. या खोलीतला कोणाकडे नाही, आणि मी कोणाला तो काढूही दिला नसता.

त्या दिवसांत आईच मला भरवायची. भाताची पेज, चमच्याने, कारण माझ्या हाताने तो तोंडापर्यंत पोचायचा नाही. भरवताना ती बोलायची नाही. माझी खात्री झाली होती की ती मनातून खट्टू झाली आहे. देवीने दिलेलं मी दोन दिवसही टिकवलं नाही, असंच तिला वाटत असणार.

शिमग्याच्या शेवटी, पालखी देवळात परत जाते त्या दिवशी, ती ठेवणीतलं पातळ नेसून, हातात नारळ घेऊन माझ्या खोलीत आली.

“कुठे?” मी विचारलं.

“नवस फेडायला.”

मला राग आला. बोलायचीसुद्धा ताकद नव्हती, तरी बोललो. “कसला नवस, आई? बघ ना माझ्याकडे. कुठे पावली ती?”

ती खाटेच्या कडेला बसली. नारळ मांडीवर ठेवला.

“पावली की. बरा कर असं मी मागितलंच नव्हतं. ते काकांनी मागितलं. हे जाणारं दुखणं नाय, ते मला तू त्या किनाऱ्यावरून येऊन पडलास तेव्हाच कळलं. ती बाई मुंबईची, तिने नंतर सांगितलं.” तिने नारळाची शेंडी सारखी केली. “माझे डोळे मिटायच्या आत त्याला एकदा नाचताना बघू दे, एवढंच मागितलं होतं. तू नंतर पडणार ते म्हायत होतं मला. तरी बघितलं तुझ्याकडे.”

तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, पदर खोचला आणि नारळ घेऊन उठली.

इतकी वर्षं मला जे तिच्या तोंडून ऐकायचं होतं ते तिने ऐकवलं होतं. तिचा माझ्या आजारावर माझ्याहून जास्त विश्वास होता. तिच्या चपलांचा आवाज अंगणातून पाणंदीकडे गेला आणि मी तिकडे कान लावून पडलो. मला एकच वाटत होतं, की तिने परत यावं आणि सगळ्या गावासारखं मला दटावून सांगावं, तुला काही झालेलं नाही, ऊठ. निदान तिने तरी.