वारुळातलं माहेर

गोदाबाईला भाऊ नव्हता. आईबाप पटकीत गेले, अकोटकडचं घर चुलत्यांनी बळकावलं, आणि माहेर म्हणून तिला एकच जागा उरली: नवऱ्याच्या वावरातलं कमरेएवढं वारूळ. पंचमीला बायका नागोबाला भाऊ मानतात, पण बाकीच्यांचं ते मानणं एका दिवसाचं. गोदाबाईचं बारा महिन्यांचं. सासू बोलली की ती वारुळाकडे जायची. पोटचं पोर दगावलं तेव्हाही तिथंच जाऊन रडली. दर पंचमीला दूध-लाह्या ठेवायची आणि परतताना दहादा वळून बघायची.

खुशालराव, तिचा नवरा, तसा वाईट नव्हता हो. पण सातासमुद्रापार कुठं लढाई लागली, विलायतेला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की भल्याभल्यांची डोकी फिरली. खुशालरावानं धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बोर तोडली, ज्वारीच्या वावरात कापसाची पराटी लावली. मग त्याची नजर वारुळावर गेली.

"पराटीची चार तासं बसतात तिथं," तो पावलांनी ओळी मोजत म्हणाला.

"माह्या भावाचं घर हाय ते."

"अवं, काय भाऊ भाऊ लावून राहिली!"

वर्षभर हीच कटकट. नांगराखाली नागाची पिलं मेली आणि नागिणीनं शेतकऱ्याचं घरच्या घर संपवलं, ही पंचमीची कहाणी तिनं त्याला इतक्यांदा ऐकवली की शेवटी तोच ती पुरी करायचा आणि विचारायचा, "झालं? आता वाढ." अशा माणसापुढं डोकं फोडून घ्यावं की काय करावं, सांगा!

वैशाखात तो अकोल्याला गेला आणि जुन्या शहरातल्या सोनाराकडून वीतभर चांदीचा नाग घेऊन आला. "हा घे तुहा भाऊ. घरातच पूज," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं सालदाराला, देवीदासला, वारूळ खणायला सांगितलं. देवीदासनं कानाला हात लावले. "मालक, हे माह्याच्यानं होत नाई." मग खुशालरावानं स्वतःच सब्बल उचलली.

आत नुसती वाळवी निघाली. नाग नाही, नागाची कातसुद्धा नाही.

"पाय! कुठं हाय तुहा भाऊ?" खुशालराव पोट धरून हसला.

"भाऊ घरी नसला म्हनून त्याचं घर पाडते का कोनी?" एवढं बोलून ती घरी आली. त्या दिवशी चूल पेटली नाही.

पुढचे दोन महिने तिच्या जिवाचा नुसता संताप झाला. गावातल्या बाया चांदीचा नाग बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "नशीब काढलं व गोदाबाई!" त्यांना हळदीकुंकू लावताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सांगायचं कोणाला? जिथं सांगायची, तिथं आता पराटी उभी होती.

पंचमीच्या सकाळी खुशालरावानं बघितलं तर देवघर रिकामं. गोदाबाई दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन वावरात निघालेली.

"नाग कुठं गेला?"

"माहेरी. वावरात पुरला."

"पुरला? कुठं?"

"तुमच्या चार तासांतच हाय कुठंतरी. पन आज खंदू नका. आज पंचमी हाय."

हे देवीदासनंही ऐकलं, दारावरून जाणाऱ्या पार्बताबाईनंही. आता उद्यापर्यंत सारं गाव चांदी उकरायला येणार! खुशालराव पंचमी विसरला, भाव विसरला, सब्बल घेऊन धावला. गुडघाभर पराटी उपटत, माती मागं फेकत त्यानं चारही तासं खणून काढली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठं चांदी लागली. चिखलानं माखलेला नाग हातात धरून तो धापा टाकत बसला. आजूबाजूला उपटलेली पराटी, आणि मधोमध मातीचा ढीग.

सकाळपासून धुऱ्यावर वाटी घेऊन बसलेली गोदाबाई त्या ढिगाकडे बघत होती. कमरेएवढाच होता.

ती पुढं झाली. वाटीतलं दूध तिनं त्या मातीवर ओतलं, लाह्या ठेवल्या, कपाळ टेकवलं.

"अवं, नाग इथं हाय, माह्या हातात!" खुशालराव ओरडला.

"तो तुमचा," गोदाबाई म्हणाली. "ठेवा तुमच्यापाशी."