झाडाआधीचा खड्डा

आमच्या उद्यान खात्यात त्यांना सगळे नन्नाबाई म्हणत. रस्त्याकडेला झाड लावायचं ठरलं की आधी जागा तपासायला त्या जायच्या आणि बहुतेक वेळा नन्नाचा पाढा वाचूनच परत यायच्या. वर तारा आहेत, खाली गॅसची नळी आहे, समोर दुकानाचं शटर आहे. मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. सुरुवातीला मलाही वाटायचं, या बाईला हिरवं दिसलं की पोटात दुखतं.

तसं नव्हतं. थाटामाटात लावलेली आणि मग कुणी ढुंकूनही न पाहिलेली रोपं वाळल्यावर उपटायचं काम त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला केलं होतं. रोपासोबत फोटो काढून पसार होणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो. बाई संतापत नसत, खड्डा खणत. तो पाण्याने काठोकाठ भरायचा आणि शेजारी बसून राहायचं. पाणी खाली उतरलं तर झाड जगेल, साचून राहिलं तर मुळं कुजतील. मी कंटाळलो की म्हणत, "झाड इथे उभा जन्म काढणार, तुम्हाला तासभर बसवत नाही?"

मग त्यांचा भाचा गेला. थोरल्या बहिणीचा एकुलता एक, सतरा वर्षांचा. सायकलवरून चालला होता, चौकाच्या वळणावर मागून टेम्पो आला. वर्षभराने बहिणीने त्याच वळणावर फुटपाथला झाड लावायची परवानगी मागितली. साहेबांनी लगेच होकार दिला, फक्त जागेची तपासणी उरली. "दुसऱ्या कुणाला पाठवतो," साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "मीच जाते."

आम्ही पोचलो तेव्हा बहीण आधीच येऊन थांबली होती, लेकरू कडेवर घ्यावं तसं रोप धरून. फरशी काढली. वीतभर मातीखाली पहार खणकन वाजली. जुन्या रस्त्याचं काँक्रीट. बाईंनी थोडं सरकून पुन्हा खणलं, तिथेही तेच. तरी त्यांनी खड्डा पाण्याने भरला. दोघी बहिणी कठड्यावर बसल्या. पाण्यावर धूळ साचली, कुठूनसं एक विडीचं थोटूक येऊन तरंगू लागलं, पण पाणी बोटभरही उतरलं नाही. मला गाडीत बसवेना.

"ताई, इथे नको," बाई म्हणाल्या. "पलीकडे शाळेच्या कुंपणाशी चांगली जागा आहे. मी बघून ठेवलीय."

"तो पलीकडे नाही गेला."

"इथे फार तर दोन-तीन उन्हाळे काढील. मग तुझ्या डोळ्यांदेखत वाळेल. तुला परत ते सगळं बघायला लावू मी?"

ताईने रोपाच्या पानांवरची धूळ पदराने पुसली. "दोन-तीन उन्हाळे जगेल ना पण?"

"तेवढं जगेल."

"मग लाव. हा सतराव्या वर्षी जाणार म्हणून मला कुणी आधी सांगितलं असतं, तरी मी त्याला जन्माला घातलंच असतं गं."

इतकी वर्षं सोबत काम केलं, पण बाईंना रडताना मी पाहिलं नव्हतं. रडत रडतच त्या डब्याने खड्ड्यातलं पाणी उपसू लागल्या. सगळं उपसून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खड्डा मोठा करावा लागेल. गाडीतली दुसरी पहार आणा."