काठोकाठ प्याला

आमच्या गावात चौथीनंतर दोनच सरकारी शाळा, एक नंबर आणि दोन नंबर. उन्हाळा सरत आला की बाजारातल्या बायकांना दुसरा विषय सुचत नाही. एक नंबरला नवं छप्पर आणि संगणकांची खोली. दोन नंबरचा संडास अजून अंगणाच्या टोकाला, पोरं बर्फातून तिथवर पळतात. माझी शेजारीण बुरुलकान मात्र म्हणायची, "पोरीला काय छप्पर शिकवणारेय?"

बुरुलकान माणसं जोखायची ती चहावरून. पाहुणा हवासा असला की प्याला अर्धाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि उठा. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तिची सगळी तगमग बेगिमायसाठी होती. थोरल्या मुलाची ही पहिली लेक, म्हणून रिवाजाप्रमाणं आजीपाशीच वाढलेली, आजीलाच अपा म्हणजे आई म्हणणारी. पोरगी अडखळत बोलायची. चौथीत मुलांनी इतक्या नकला केल्या, की तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं. पुढची शाळाही तशीच निघाली तर पोर कायमची मुकी होईल, या धास्तीनं बुरुलकान वाळत चालली होती.

शेवटी गरम नान फडक्यात बांधून, नातीला घेऊन ती दोन्हीकडं जाऊन आली. एक नंबरच्या मोठ्या बाईंनी अर्धा अर्धा प्याला कितीदा तरी भरला, जर्दाळूचा मुरंबा पुढं केला. पोरीला नाव विचारलं आणि ती अडखळताच, आजीनं आधी सांगितलेलं नाव स्वतःच पुरं करून टाकलं. दोन नंबरच्या एर्मेक मास्तरांनीही नाव विचारलं, चहा ओतला, आणि प्याला काठोकाठ भरला. बुरुलकानच्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरांसाठी नेलेलं नान तसंच बांधून घेऊन ती घरी आली. आमच्याकडं याहून मोठी शिवी नाही.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून तिनं मास्तरांचा उद्धार केला. मीही आगीत तेल ओतलं, खोटं कशाला बोलू. बेगिमाय शेजारीच जर्दाळू फोडत होती.

"अपा," ती म्हणाली, "त्यांनी वा... वाट पाहिली."

"कसली गं?"

"मा... माझं नाव संपायची. माझ्याकडंच बघत होते. ओ... ओतायचं थांबवायला विसरले."

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. एरवी बुरुलकान मायेपोटी तिची वाक्यं पुरी करायची. त्या दिवशी तिनं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ताजं नान घेऊन आम्ही तिघी दोन नंबरला गेलो. अपमानाची गोष्ट एव्हाना मास्तरांच्या कानावर गेली होती. बिचारे घाबरून प्याल्यात घोटभरच चहा ओतू लागले.

बुरुलकाननं प्याला पुढं सरकवला.

"भर बाळा, काठोकाठ भर," ती म्हणाली. "मी पिऊन निघते. पोरगी बसेल."