आंबट गोळ्या आणि माझा मधुमेह

तरुणपणी मी इतका काटकुळा होतो, की सदरा खुंटीला टांगल्यावर जसा दिसे तसाच माझ्या अंगावरही दिसे. सांगलीला राहून मॅट्रिक झालो होतो, त्यामुळे डोक्यात मात्र चांगलीच चरबी साठली होती. वडूजच्या शाळेत मला मास्तरकी लागली होती, पण तात्पुरती; तिची मुदत संपून मी गावी परतलो होतो. कायम व्हायचं तर साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरकडून शरीर निरोगी असल्याचा दाखला आणायचा होता. आईला त्या नोकरीची फार आस होती. थोरला मुलगा लढाईवर गेला तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं होतं, की धाकटा शाळेत बसून सुखानं भाकरी खाईल. त्या दाखल्याच्या धास्तीनं माझी झोप उडाली होती. छाती फुगवून किती भरते, हे मी दिवसातून अनेकदा सुतळीनं मोजून बघत असे आणि ती दर वेळी तेवढीच भरे.

अशात महायुद्ध संपलं आणि दादा फौजेतून घरी आला. आमचं गाव उंब्रजजवळ, नदीकाठी. सगळं गाव त्याची ट्रंक बघायला लोटलं. ट्रंकेतून बूट, घोंगडीएवढा कोट आणि एक तपकिरी रंगाची भली मोठी बाटली निघाली. दादा तिकडं फौजी दवाखान्याच्या कोठारावर होता आणि निघताना साहेबानं त्याला ही बाटली बक्षीस दिली होती.

"वाळवंटात हिरवं पान दिसत न्हवतं," दादा म्हणाला. "जवानांच्या हिरड्यांतनं रगत याचं. तवा ह्या गोळ्या द्याचे. व्हिटॅमिन सी. तुझ्याबी हिरड्या सुजल्यात, तर घे. पर रोज एक, जेवल्यावर. लय आंबट हाय."

बाटलीवरचं इंग्रजी मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथंही रोज एकच गोळी, असंच छापलं होतं. त्याचा अर्थ मी मराठीत फोड करून सांगितला, जसा वर्गात सांगत असे तसा. घरातल्या प्रत्येकाला एकेक गोळी वाटली. आईनं ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्यापरीस चिंच बरी." बाकीची बाटली साहजिकच माझ्याकडे आली, कारण ती वाचता येणारा घरात मी एकटा होतो.

पहिले काही दिवस मी रोज एकच घेतली. मग माझ्यातला विद्वान जागा झाला. मी विचार केला, की सैनिकाचं शरीर मुळात भक्कम असतं, त्याला नुसती डागडुजी लागते. माझं तर पायापासून बांधायचं आहे. त्याला एक पुरत असेल तर मला मूठभर नको का? मग सकाळी मूठभर, दुपारी मूठभर आणि दिवेलागणीला परत, असा माझा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या दारात लिंबाचं झाड होतं. त्याची पिवळी लिंबं खाली पडून कुजत होती आणि मी त्याच झाडाखाली बाज टाकून परदेशी आंबटपणा गिळत होतो. गिळता गिळता शेजाऱ्यांना जीवनसत्त्वांवर व्याख्यानही देत होतो.

पोटानं लवकरच तक्रार केली. आधी जळजळ, मग कळा, मग तांब्या घेऊन ओढ्याकडे धावणं. मी लोकांना सांगितलं, की शरीरातली जुनी घाण बाहेर पडते आहे. दादा ओढ्याच्या वाटेवर भेटला. "अरं लेका, एक घे म्हनलं हुतं न्हवं?" मी त्याला चालता चालताच उत्तर दिलं, की दादा, तू कोठार सांभाळलंस, त्यामागचं शास्त्र निराळं असतं. उभं राहून बोलण्याची माझी परिस्थिती नव्हती.

तपासणीच्या दिवशी मी मोटारीनं साताऱ्याला गेलो. निघण्यापूर्वी खास म्हणून नेहमीपेक्षा मोठी मूठ तोंडात टाकली. डॉक्टर वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. छाती, डोळे, कान सगळं कसंबसं पार पडलं. शेवटी लघवीची तपासणी. कंपाउंडरनं काचेच्या नळीत एक निळं पाणी घेतलं, त्यात माझे चार थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं राहिलं तर चांगलं, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटकरी होऊन बसलं.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "मधुमेहाचा संशय येतो. पंधरवड्यानं पुन्हा या. तेव्हाही असंच निघालं तर मला दाखला देता येणार नाही. कुठलं औषध वगैरे चालू आहे का?"

"छे," मी ताठ मानेनं म्हणालो. "औषधाला मी शिवतही नाही."

घरी येऊन हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, कारण माझे वडील मधुमेहानंच गेले होते. पायाच्या अंगठ्याला ठेच लागल्याचं निमित्त झालं. ती जखम भरली नाही, वर वर चढत गेली. त्यांच्या पायाची पट्टी रोज आईच बदलत असे. मी बोललो तेव्हा आई भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिनं ती उलटली नाही. मग ती उठली, चिमणी हातात घेतली, माझ्यापुढं बसली आणि माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतून निरखून बघू लागली. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मला अनवाणी चालायची बंदी झाली. ठेच लागू नये म्हणून दादाचे फौजी बूट माझ्या पायात आले. ते मला दोन बोटं मोठे होते. त्यांत चिंध्या कोंबून मी उसातून असा चाले, की वाटेतली म्हसरं मान वर करून बघत. गुऱ्हाळं सुरू झाली होती. शेजारून काकवी आली की आई ती दारातूनच परत लावी. वडिलांच्या वेळी मोरीत त्यांच्या लघवीला मुंग्या लागत. आई आता रोज सकाळी मी जाऊन आलो की तिकडं वाकून मुंग्या शोधू लागली.

"मुंग्या तर न्हाईत रं," ती म्हणाली.

"आये, साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मुंग्यांना काय कळतं?"

"व्हय, ते बी खरं," ती म्हणाली आणि परत शोधायला गेली.

आता अशा संकटात शहाणा माणूस काय करील ते मला माहीत नाही. मी गोळ्या वाढवल्या. रोगाशी लढायला अंगात ताकद हवी, हे उघडच होतं. बाटलीचा तळ दिसू लागला आणि मी उरलेल्या गोळ्या रुमालात बांधून दुसऱ्या तपासणीला निघालो.

या वेळी नळीतलं पाणी निळ्याचं विटकरी व्हायला मागच्याइतकाही वेळ लागला नाही. डॉक्टर कोड्यात पडले. मला तहान लागते का, रात्री उठावं लागतं का, भूक जास्त लागते का, असं बरंच विचारलं. सगळ्याला माझं उत्तर एकच, नाही. ते पुस्तक उघडून बसले. मी बाहेरच्या बाकावर आलो. माझी दुपारच्या मुठीची वेळ झाली होती. रुमाल सोडला, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि तोंड वर केलं, तर दारात डॉक्टर उभे.

"हे काय आहे?"

"औषध नाही साहेब," मी घाईघाईनं म्हणालो. "व्हिटॅमिन आहे. सी."

त्यांनी माझ्या हातातून एक गोळी उचलली आणि मला आत बोलावलं. स्वच्छ नळीत नवं निळं पाणी घेतलं. गोळी साध्या पाण्यात विरघळवून त्यातलं थोडं आत ओतलं. माझा एक थेंबही नव्हता त्यात. नळी दिव्यावर धरली आणि पाणी हिरवं, पिवळं, विटकरी.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "या गोळीला मधुमेह झालाय. हिला काही मास्तरकी देता येणार नाही."

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. मग डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून झापलं. पोट बिघडतं ते कळत नव्हतं का? अंगाला लागतं त्याहून जास्त खाल्लं की ते लघवीवाटे बाहेरच जातं, आणि जाता जाता माझ्या तपासणीची वाट लावतं. लिहिली असेल तेवढीच घ्यायची. आणि डॉक्टरनं विचारलं की काढा, चूर्ण, गोळी, जे काही घशाखाली जातं ते सांगायचं. त्याला तुम्ही औषध म्हणा नाहीतर खाऊ म्हणा.

"दारात लिंबाचं झाड आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी हो म्हणालो आणि खाली बघितलं.

आठवडाभर गोळीला हात न लावता मी पुन्हा गेलो. नळी दिव्यावर खदखदली, वाफा निघाल्या आणि पाणी निळंच राहिलं. कंपाउंडरनं ती उजेडात धरली तेव्हा मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दाखला खिशात घातला, थेट पेठेत गेलो आणि आईसाठी कंदी पेढे घेतले. आईला गोडाचं वेड होतं आणि त्यातही साताऱ्याचे पेढे म्हणजे तिचा जीव. परतीच्या मोटारीत माझ्या पायांत ते फौजी बूट होते आणि मी ते मुद्दाम वाजवत होतो.

आईला सगळं एका दमात सांगितलं. गोळी, निळं पाणी, डॉक्टरांचा विनोद. ती मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं तो हुंगला आणि परत पुडक्यात ठेवला.

"म्या ग्वाड सोडलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पालीच्या खंडोबाला बोलले व्हते. माज्या लेकाचं पानी निळं ऱ्हाऊ दे, जलमभर ग्वाड तोंडात घेनार न्हाई."

"आये, पण मला काही झालंच नव्हतं! ती चूक गोळीची होती."

"मग ते आदी सांगायचं व्हतंस. द्येवानं पानी निळं ठेवलं का न्हाई? ठेवलं. आता मी मागं फिरू व्हय?"

मी तिला शास्त्र समजावलं. दादानं समजावलं. गुरवालाही विचारून आलो. ती कुणाचं ऐकेना. मग एकदम चिडली. "जलमात एक हौस व्हती माजी, ती बी तुज्या आंबट गोळ्यांनी खाल्ली," म्हणाली आणि पेढे घेऊन शेजारी वाटायला निघून गेली.

पुढं मी वडूजला कायम झालो, लग्न केलं आणि तिला माझ्याकडे घेऊन आलो. ती बरीच वर्षं जगली. चहासुद्धा बिनसाखरेचा पीत असे आणि पिताना तोंड वाकडं करून माझ्याकडे बघे. सणाला पुरण तीच वाटायची, पण चाखून बघायला सुनेला बोलवायची. मी जेवायला बसलो की माझ्या ताटात पोळीवर पोळी वाढत जायची. मी पुरे म्हणून हात आडवा धरला, की माझा हात बाजूला सारून वर तुपाची धार सोडायची.

"खा गुमान," म्हणायची. "तुला काय झालं न्हाई."