जपानी कायले आनला?

‘इचारा त्याले ताई, सोयाबीन घ्यायचा इचार हाय का?’

मी तोंड उघडायच्या आत सावामुरा-सान मान हलवून म्हणाले, ‘हाय.’

मैदानाच्या कडेला जमलेली मंडळी जवळ सरकली. प्रश्न विचारणारे गजूभाऊ इंझोरीचे शेतकरी आणि कारंजाच्या भरारी फुटबॉल क्लबचे सगळ्यात कट्टर समर्थक. त्यांनी डोळे बारीक केले.

‘बबनरावनं तुले त्याच्यासाठीच आनलं हाय का?’

‘हाय.’

‘पाहा बे!’ गजूभाऊ मागं वळून ओरडले. ‘मी काय सांगून राह्यलो होतो? मानूस सोता कबूल करून राह्यला!’

इथं मला थांबून थोडं समजावून सांगितलं पाहिजे. मी जपानी भाषेची दुभाषी आहे. माझं गाव रिठद, शिक्षण पुण्यात, आणि काम बहुतेक चाकणच्या कारखान्यांत. जपानी माणूस दर दोन वाक्यांनंतर ‘हाय’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘हो’ असाही होतो, पण बऱ्याचदा ‘तुमचं बोलणं ऐकतोय, चालू द्या’ एवढाच असतो. सावामुरा-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’) गजूभाऊंना मान देत होते, बस्स. मात्र वऱ्हाडात ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. विषय संपला.

मी सगळ्यांना हे नीट सांगितलं. गजूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, तुमाले बबनराव पगार देते. तुमी असंच सांगसान.’

हे बबनराव म्हणजे क्लबचे स्पॉन्सर. त्यांचा सोयाबीनवर प्रक्रिया करायचा कारखाना आहे. स्पर्धेची फायनल तोंडावर असताना त्यांनी पुण्याहून एक जपानी खेळाडू, म्हणजे हे सावामुरा-सान, आणला आणि मला फोन केला. ‘मॅडम, तुमी आपल्याच जिल्ह्याच्या. चार दिवस या. जपानी बोलते तो. आमाले काई समजत नाही, त्याले काई समजत नाही.’

काम घेण्याआधी मी क्लायंटकडून ब्रीफिंग घेते. म्हणजे कुणाशी, कशाबद्दल आणि कशासाठी बोलायचं आहे ते आधी समजून घेते. बबनरावांचं ब्रीफिंग त्यांच्या ऑफिसात झालं. त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत पांढरट पिवळी वडी होती.

‘सोया पनीर,’ ते म्हणाले. ‘जपानात लोकं हेच खाते म्हन्तेत. इथं कोनी हात लावत नाही. फायनलच्या आदल्या दिवशी मैदानावर लॉंच हाय. त्यानं एक तुकडा खायचा, लय भारी म्हनायचं. काम खलास.’

‘आणि फुटबॉल?’

‘खेयला तं खेयला. नाई खेयला तं नाई खेयला.’

म्हणजे गजूभाऊंच्या संशयाची दिशा बरोबर होती, फक्त तो थोडा मोठा होता. त्यांना वाटत होतं जपान वाशिम जिल्ह्याचं सोयाबीन उचलणार. प्रत्यक्षात एका वडीचा प्रश्न होता.

पहिले दोन दिवस सराव कमी आणि चर्चा जास्त झाली. क्लबचे कोच सलीमभाई, त्यांचं एरवी मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. ते शिट्टी तोंडात धरून उभे असायचे आणि कडेला परिसंवाद चालायचा.

‘युरोपातले मोठमोठे क्लब हेच करून राह्यले. जपानी घ्या, तिकडं शर्ट इका.’

‘आपले शर्ट तं इकडंच कोनी घेत नाही.’

‘बॅनर पाह्यला का? त्याचा फोटू केवढा! आपल्या गोलकीपरचं नुसतं नाव, तेबी चुकलं.’

‘सोयाबीनच पाह्याले आलता तं मार्केट यार्डात उभा करा ना त्याले. लेफ्ट विंगले कायले?’

लेफ्ट विंग म्हणजे मैदानाची डावी कड. तिथून पळत जाऊन चेंडू गोलसमोर टाकायचा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. सावामुरा-सान तेच करत होते. सुंदर करत होते. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण सलीमभाईंची शिट्टी एकदा तोंडातून गळून पडली, तेवढ्यावरून मी समजले. कडेच्या मंडळींनी ते पाहिलं नाही. ती माझ्याकडं तोंड करून जपानमधल्या तेलाच्या वापराबद्दल बोलत होती.

सरावानंतर सावामुरा-सान माझ्याशेजारी बुटाच्या नाड्या सोडत बसले. त्यांनी विचारलं, ‘सुजाता-सान, ते एवढं काय बोलतात?’

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. घालायचं नाही, गाळायचं नाही. समोरचा जे बोलला ते पोचवायचं, कडू असलं तरी. मी सांगितलं, ‘तुम्हाला फुटबॉलसाठी आणलं की धंद्यासाठी, यावर वाद चालू आहे. बहुमत धंद्याच्या बाजूचं आहे. फायनलला तुम्ही उतरलात तर मैदानाकडं पाठ करून बसायचं, असं ठरलंय.’

त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘गोव्यातल्या क्लबनं मला घेतलं तेव्हाही हेच म्हणाले. शर्ट विकायला आणलाय. शर्ट विकले गेले नाहीत, म्हणून मला काढलं. माझे पाय कुणी पाहिलेच नाहीत.’ दुसरा बूट काढत ते म्हणाले, ‘आता पुण्यात लहान मुलांना शिकवतो. ही मॅच शेवटचीच असेल. लोक पाठ करून बसले तरी मला खेळायचंय.’

मला फार वाईट वाटलं. दुभाष्यानं वाईट वाटून घ्यायचं नसतं, पण वाटलं. मी तशीच सलीमभाईंकडं गेले.

‘त्याला खेळवणार ना?’

‘ताई, खेयते तो एक नंबर. पन पब्लिकनं पाठ केली तं आपली पोरं ढिली पडतेत. पाहू उद्या.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉंच. मैदानावर मंडप, खुर्च्या, सोया पनीरच्या पाकिटांचा डोंगर. बबनरावांनी मला स्टेजमागं बाजूला घेतलं.

‘मॅडम, तो काईबी म्हनो, तुमी लय भारी म्हना.’

‘ते जे म्हणतील ते मी सांगीन.’

‘अन तो वाईट बोलला तं?’

‘तर वाईट सांगीन.’

‘तुमी आपल्या जिल्ह्याच्या ना?’

‘म्हणूनच.’

ते गुरकावले, पण वेळ नव्हता. माइकवर नाव पुकारलं गेलं. सावामुरा-सान क्लबची पिवळी जर्सी घालून स्टेजवर आले, वाकून नमस्कार केला. पहिल्या रांगेत गजूभाऊ हाताची घडी घालून बसले होते. मी सावामुरा-सान यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. याला कॉन्सिक्युटिव्ह म्हणतात. ते बोलून थांबणार, मग मी मराठीत बोलणार.

बबनरावांनी स्वतःच्या हातानं तुकडा भरवला. सावामुरा-सान यांनी तो चावला. आणखी चावला. त्यांचा चेहरा हलला नाही, पण मला त्यांची मान जराशी ताठ झालेली दिसली. बबनरावांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

आता पुढचं समजायला एक जपानी शब्द माहीत हवा. ‘चोत्तो’ म्हणजे ‘जरासं’. जपानी माणूस कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. तो ‘चोत्तो...’ म्हणतो, दातांतून हवा आत ओढतो आणि वाक्य तिथंच सोडून देतो. बाकीचं आपण समजून घ्यायचं. आपल्याकडं मुलगी पाहायला आलेले लोक ‘कळवतो’ म्हणून उठतात, तसं. ते ‘चोत्तो’ आलं की समजावं, नकार आहे.

आणि मंडपवाल्याचा माइक असा होता की त्यात ‘त’ गेला की ‘ट’ बाहेर यायचा.

सावामुरा-सान यांनी दातांतून हवा ओढली, बबनरावांकडं पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे वाकून म्हणाले,

‘चोट्टो...’

दोन्ही स्पीकरमधून ते अख्ख्या मैदानावर घुमलं.

गजूभाऊ खुर्चीवरून उठले. ‘चोट्टा म्हनला!’ ते म्हणाले. आधी हळू, मग दोन्ही हात वर करून. ‘अरे बापा, बबनरावले तोंडावर चोट्टा म्हनला! स्टेजवर! त्याचंच खाऊन!’

जे झालं ते मी आजवर कुठल्याच कामावर पाहिलं नाही. माणसं खुर्च्यांवर चढली. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. ज्यांचं सोयाबीन बबनरावांच्या कारखान्यात ओलं ठरून परत आलं होतं, ते तर एकमेकांच्या गळ्यात पडले. सावामुरा-सान यांना वाटलं पनीर लोकांना आवडलेलं दिसतं, म्हणून ते पुन्हा वाकले. त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

बबनराव माझ्याकडं वळले. कान लाल. ‘काय म्हनला तो? खरं सांगा!’

मी माइक घेतला. घालायचं नाही, गाळायचं नाही. ‘ते म्हणाले, जरासं...’

‘जरासा चोट्टा?’

‘नाही हो. जरासं. म्हणजे त्यांना पनीर आवडलं नाही. नम्रपणे सांगितलं त्यांनी.’

‘म्हंजे पनीर खराब, अन मी चोट्टा?’

‘तुमच्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.’

‘ताई घाबरली!’ खालून कुणीतरी ओरडलं. ‘ताई, दबावात येऊ नका! आमी हावो ना!’

मी आणखी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मंडपवाल्यानं माइकच बंद केला. मी शब्दन् शब्द अचूक भाषांतर केलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्या एकालाही ते नको होतं.

बबनराव स्टेजवरून उतरताना सलीमभाईंना म्हणाले, ‘उद्या हा मैदानात दिसला नाही पायजे. गाडीत बसवा याले.’

ते गजूभाऊंनी ऐकलं. ‘काहून?’ ते मधे येऊन उभे राहिले. ‘खरं बोलला म्हनून? सलीमभाई, उद्या हा पह्यल्या मिनिटापासून खेयला पायजे. नाईतं आमी पाठ करून बसू.’

‘गजूभाऊ, कालपर्यंत तुमी तो खेयला तं पाठ करनार होते.’

‘ते काल. काल तो बबनरावचा मानूस होता. आज आपला हाय.’

सलीमभाईंनी एकदा बबनरावांकडं, एकदा खुर्च्यांवर उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं. मग पिशवीतून मॅचची जर्सी काढून सावामुरा-सान यांच्या हातात दिली आणि मला म्हणाले, ‘सांगा त्याले. उद्या लेफ्ट विंग.’

मी ते सांगितलं. सावामुरा-सान ‘हाय’ म्हणाले. हा ‘हो’ असलेला हाय होता.

फायनल मंगरूळपीरच्या संघाशी होती. सावामुरा-सान यांच्या पायात चेंडू आला की सगळं मैदान ‘चोट्टो! चोट्टो!’ असं गर्जायचं. हाफटाइमला पाणी पिताना त्यांनी मला विचारलं, ‘हे मला सारखे जरासं, जरासं का म्हणतात? आणखी थोडं पळू का?’

मी सगळं सांगितलं. ‘हाय’चं सांगितलं, माइकचं सांगितलं, चोट्टा म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस खेळणार नाही. पण त्यांचे खांदे हलायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते हसत होते, तोंडावर टॉवेल धरून.

‘म्हणजे मी फुटबॉलसाठीही इथं नाही आणि पनीरसाठीही नाही.’

‘आत्ता तरी चुकीच्या शब्दासाठी आहात.’

‘चालेल,’ ते म्हणाले. ‘निदान तोंड इकडं करून बसलेत.’

आम्ही एक गोलनं हरलो. सावामुरा-सान पूर्ण वेळ खेळले. शेवटी-शेवटी त्यांनी डावीकडून एक क्रॉस टाकला, आमचा पोरगा उडी मारून डोकं लावायला गेला आणि चेंडू टाळूला घासून बाहेर गेला.

मॅच संपल्यावर गजूभाऊ तरातरा मैदानात घुसले. मी धावत मागं. ते सावामुरा-सान यांच्यासमोर उभे राहून बोटानं त्यांच्या पायाकडं दाखवू लागले.

‘ताई, सांगा याले. तो शेवटचा क्रॉस उशिरा मारला. एक टच जास्त घेतला. डावा पाय सोन्याचा हाय याचा, पन दम नाही राह्यला. अन सोता शॉट मारायचा होता तिथं, कायले दिला दुसऱ्याले? एवढा चांगला पाय अन असा वाया घालवते का कोनी?’

मी सगळं भाषांतर केलं, एकही शब्द न गाळता. सावामुरा-सान लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर ते जपानीत दोन वाक्यं बोलले. मग त्यांनी गजूभाऊंना इतकं खाली वाकून नमस्कार केला की गजूभाऊ दचकून दोन पावलं मागं सरले.

‘काय झालं? लागलं का त्याले माह्यं बोलनं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘ते म्हणतात, त्यांच्या पायांबद्दल इतकं वाईट आजवर कुणी बोललं नव्हतं. आभारी आहेत.’

गजूभाऊंनी त्यांना जेवायला इंझोरीला नेलं. जेवणात सोयाबीनचं काहीही नव्हतं, याची खात्री मी आधीच करून घेतली होती.

बबनरावांनी माझ्याशी नंतर महिनाभर बोलणं टाकलं. मग एक दिवस फोन आला. ‘मॅडम, त्या शब्दाचा अर्थ जरासं असाच होते ना? नक्की?’ मी म्हटलं, नक्की. आता कारंजाच्या दुकानांत ‘चोट्टो सोया पनीर’ मिळतं आणि हातोहात जातं. पाकिटावर पिवळ्या जर्सीतला एक डावखुरा खेळाडू काढलेला आहे. गजूभाऊ तेच घेतात. वर मला फोन करून सांगतात, ‘मी म्हनलं नोतं? धंद्यासाठीच आनला होता.’

आमच्या कामात ग्लॉसरी नावाची गोष्ट असते. काम सुरू होण्याआधी त्या विषयातले खास शब्द लिहून तयार ठेवायचे असतात. मशीनचे भाग, रसायनांची नावं, असं. मी आजही ती बनवते. फक्त सुरुवात आता वेगळी असते. ब्रीफिंगला बसलं की क्लायंटला मी पहिल्यांदा त्यांच्या गावच्या शिव्या विचारते.